चांदीखाणीचा कागद

१

चन्नवीर सापडला तेव्हा त्याची बॅटरी अजून चालू होती.

मंगळवारी दुपारी सुंदरम्मा भाकरी घेऊन माळावर गेली, तर नवरा कुठे दिसेना. पडक्या गढीच्या मागे एक भलीमोठी शिळा पहारीने बाजूला सारलेली होती. तिच्याखाली माणूस जेमतेम आत जाईल एवढं दगडी बांधकामाचं गोल तोंड होतं. बाभळीला बांधलेला दोर त्यातून आत गेला होता. सुंदरम्माने वाकून पाहिलं. वीसेक फूट खाली उजेड होता, आणि त्या उजेडात चन्नवीर भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता. तिने हाका मारल्या. तो हलला नाही.

"आमच्यात माणसाला बसवूनच पुरत्यात," ती नंतर येईल त्याला सांगायची. "ह्ये तर आदीच बसलं होतं."

अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून कल्लूरवाडी आहे. या गावच्या माळात जुन्या काळची चांदीची खाण आहे असं चन्नवीर मानायचा. घरात आजोबांच्या वेळचा एक मोडी कागद होता. चोवीस वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका जाणत्या मास्तरांनी तो वाचून दिला होता. तेव्हापासून दर उन्हाळ्यात चन्नवीर माळ खणत होता. गाव हसायचं. त्याला चांदीवीर म्हणायचं.

संध्याकाळी पोलीस आले. जेसीबीने तोंड रुंद केलं आणि मग दोन गडी उतरून प्रेत वर घेऊन आले. अंगावर ओरखडाही नव्हता. उजव्या मुठीत काळे खडे घट्ट धरलेले होते. डॉक्टरांनी लिहिलं, श्वास कोंडून मृत्यू.

गावाने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. श्वास कोंडला म्हणजे कुणीतरी नाकतोंड दाबलं. आणि दाबणारा कोण, हेही ठरून गेलं. उजनीकाठचा अजिंक्य नावाचा एक तरुण दोन महिन्यांपासून मोबाइलवर त्या खाणीची चित्रफीत बनवत गावात फिरत होता. लोकांनी त्याला मारहाण केली, त्याची मोटरसायकल फोडली. पोलिसांनी त्याला अक्कलकोट सोडायला मनाई केली.

गुरुवारी समाचाराला आलेली माणसं पांगल्यावर सुंदरम्माने पेटी उघडली. वाचनाचा कागद होता. मूळ मोडी कागद गेला होता.

२

सोलापुरात नवी पेठेत एका साडीच्या दुकानावरच्या माडीवर उत्कर्षा मोडी वाचनाचं काम करायची. वय एकेचाळीस. जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी वाचून घ्यायला तिच्याकडे सकाळपासून माणसं बसलेली असत. विद्या वडिलांकडून आलेली. आप्पा मास्तर आता ऐंशीचे झाले होते. कानातलं यंत्र हरवू नये म्हणून काळ्या दोऱ्याने शर्टाला बांधून आतल्या खोलीत पडून असायचे.

शनिवारी सकाळी सुंदरम्मा तिच्यासमोर येऊन बसली.

"ताई, हा कागद तुमच्या आप्पांनी वाचला होता. सही हाय बगा. अस्सल कागद कुणी नेला, त्येवढं मला हुडकून द्या."

"अक्का, हे पोलिसांचं काम आहे."

"पोलिसांना चांदी दिसाया लागलीय. गावाला बी. म्हणत्यात, चन्नवीरला खाण घावली, म्हणून मारला. त्या पोराला उद्या आत टाकतील. मला त्ये पोर तसं वाटत न्हाय. आमच्या ह्यांच्या ताटात जेवलंय त्ये."

उत्कर्षाने कागद घेतला. आप्पांची ठसठशीत सही पाहून तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून माणसं आप्पांच्या नावावर येतात. पुढे कितीतरी दिवस तो क्षण आठवला की तिची मान खाली जायची.

वाचन टंकलेलं होतं आणि चारच ओळींचं होतं. 'मौजे कल्लूर येथील चांदीखाण दोन. एक (अस्पष्ट) दक्षिणेस. दुसरी वडाचे उगवतीस पन्नास हात. तोंड उघडून (पुढील मजकूर अस्पष्ट).'

तिला काहीतरी खटकलं. काय ते कळेना.

"आणि ह्ये." सुंदरम्माने पदराची गाठ सोडली. तळहाताएवढा काळा खड्यांचा गोळा टेबलावर ठेवला. "त्येंच्या मुठीतलं. निम्मं पोलिसांनी नेलं, निम्मं मी ठेवलं. ही चांदी हाय का, ताई? एवढं कळलं तरी पुरे. गाव म्हणतंय येडा होता. येडा नव्हता म्हणून सांगता आलं पायजे मला."

उत्कर्षाने आतल्या दाराकडे पाहिलं. "आप्पा, जरा बाहेर येता? कल्लूरवाडीच्या सुंदरम्मा आल्यात."

आप्पा आले नाहीत. सुंदरम्मा गेल्यावर ती आत डोकावली. आप्पा जागे होते. भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं होतं.

३

चन्नवीरचा धाकटा भाऊ अनिलकुमार याचं कापडाचं दुकान त्याच पेठेत, चार दुकानं सोडून होतं. तिला पाहून त्याने गादीवर जागा केली.

"बसा की मॅडम. वहिनीनं पाठवलं ना?" तो थेट बोलत होता. "कागद मी नेला असं वाटतंय तिला?"

"तसं त्या म्हणाल्या नाहीत."

"मला मोडीतला म सुद्धा कळत नाही. कागदाशी मला काय करायचंय? काय लिहिलंय ते सगळ्या गावाला पाठ आहे." त्याने कापडाची घडी उगीच मोडून पुन्हा घातली. "खरं सांगू? मी पण त्याला चांदीवीर म्हणायचो. गिऱ्हाइकांसमोर. तो दुकानात आला की मला लाज वाटायची. पायाला माती, नखात माती. मागच्या दिवाळीला मी त्याला मागच्या दारानं यायला सांगितलं."

"आत हवा खराब असेल असं कुणाला नाही वाटलं?"

"मग प्रेत काढायला उतरलेले दोघं कसे धडधाकट वर आले? पोलीस पण उतरले. हवा एकट्या चन्नवीरलाच बाधली का?" त्याने मान हलवली. "त्याला मारलाय मॅडम. आणि एवढ्यासाठी मारलाय म्हणजे खाली काहीतरी आहे. माझा भाऊ खरा होता. आता ते मी सिद्ध करणार."

अजिंक्य अक्कलकोटला एका भक्तनिवासात होता. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. त्याने तिला खोलीतली एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसला.

"आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, ताई. आजी हात करून दाखवायची, इथे देऊळ होतं, इथे बाजार. मला हरवलेल्या जागांचं वेड आहे एवढंच. मंगळवारी मी इथेच होतो. इथली माणसं सांगतील, पण कोण विचारतंय?"

"मूळ कागद तू पाहिलास?"

"लांबून. काका हात लावू द्यायचे नाहीत. वाचनाचा फोटो मात्र माझ्याकडे आहे. अख्ख्या गावाकडे आहे." त्याने मोबाइल उघडून तो फोटो तिच्यापुढे धरला. "मला एक कळत नाही. चोराने वाचन तिथेच ठेवलं आणि न वाचता येणारा कागद नेला. खाण शोधणारा माणूस असं कशाला करेल?"

हाच प्रश्न उत्कर्षा बसमध्ये स्वतःला विचारत आली होती.

"काकांना कुणाची भीती होती?"

"भीती नाही. पण चिडायचे एका माणसावर. चारेक वर्षांपूर्वी म्हणे एक म्हातारा मुद्दाम घरी आला आणि म्हणाला, खणू नका, तिथे चांदी नाही. का नाही, ते सांगेना. काकांना वाटलं, याला स्वतःलाच खाण पाहिजे. परवा गुरुवारी समाचाराला तोच माणूस आला होता म्हणतात. पेटीजवळच बसला होता."

"दिसायला कसा?"

"मी नाही पाहिला. सिद्धाराम हवालदार सांगत होते, पांढरी टोपी, लई थकलेला. आणि कानातल्या यंत्राला काळा दोरा."

गुरुवारी आप्पा एसटीने अक्कलकोटला गेले होते. दर्शनाला जातो म्हणाले होते. या वयात एकटे जातात याचं तिने शेजारी कौतुक केलं होतं.

४

रविवारी सकाळी उत्कर्षाने वाटी उचलली. आदल्या दिवशी तिने त्या काळ्या गोळ्यातला तुकडा कोमट पाण्यात भिजत घातला होता. गोळा फुटून तळाशी दाणे सुटे झाले होते. चपटे, किंचित वाकडे, एका बाजूला खाच. तिने एक नखाने सोलला. काळ्या सालीखाली दोन डाळिंब्या निघाल्या.

दगड नव्हताच तो. ते हुलगे होते.

हुलगे घोड्याला घालतात. घोड्याच्या खुराकाला जुन्या कागदांत एक शब्द येतो, तिने तो शेकडो वेळा वाचला होता. चंदी. आणि धान्य जमिनीखाली साठवायचं तर पेव खणतात. त्यालाच खण असाही शब्द आहे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. लेखणी न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात जाणारी रेघ घाईत लिहिली की कान्यासारखी दिसते. चंदीखण. दोन काने जास्तीचे पडले तर, चांदीखाण.

ती वाटी घेऊन आतल्या खोलीत गेली. आप्पा तिची वाटच पाहत असल्यासारखे बसले होते.

"कागद कुठे आहे, आप्पा?"

त्यांनी उशीखालून वहीत ठेवलेला कागद काढला.

"नेणाऱ्याला मोडी येत होती," ती म्हणाली. "वाचनात आणि कागदात फरक आहे हे ज्याला माहीत होतं, त्यानेच फक्त मूळ कागद नेला असता. तुम्ही चुकलात एवढं म्हणायला चोवीस वर्षं लागावीत? तो माणूस मेला. आणि चूक लपवायला तुम्ही त्या अजिंक्यला मार खाऊ दिलात!"

आप्पांनी मान खाली घातली. तिने टंकलेलं वाचन त्यांच्यापुढे धरलं, आणि कालपासून काय खटकत होतं ते तिला तेव्हा दिसलं.

आप्पा कधीच 'अस्पष्ट' लिहीत नसत. जी अक्षरं लागत नाहीत तितके ठिपके द्यायचे, हा त्यांचा नियम होता. 'न वाचलेलं अक्षरसुद्धा मोजून ठेवावं' म्हणून त्यांनी तिला कितीदा बजावलं होतं. शिकायच्या पहिल्या वर्षात कंटाळून तीच कंसात 'अस्पष्ट' लिहून मोकळी व्हायची.

"दोन हजार एक," आप्पा हळूच म्हणाले. "माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तू कागद वाचून टंकून आणायचीस, मी सही करायचो. तू सतरा वर्षांची होतीस. चांदीखाण वाचलीस तेव्हा नाचत आली होतीस माझ्याकडे."

तिला आठवलं. सगळं एकदम आठवलं. मैत्रिणी खाली थांबल्या होत्या. ओळी संपवायची घाई होती. कागदात 'दुसरा' असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि खाण म्हणजे दुसरीच हवी, ही लिहिणाऱ्याचीच चूक, असं समजून तिने ते 'दुसरी' करून टाकलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पाच वर्षांपूर्वी. वर्तमानपत्रात कागदाचा फोटो आला होता. भिंग लावून वाचला आणि रात्रभर झोपलो नाही. चन्नवीरकडे जाऊन आलो. नाव न सांगता, खणू नको एवढंच म्हणता आलं. का ते सांगायचं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं. तुझं नाव नुकतं मोडी वाचकांच्या सरकारी यादीत लागलं होतं." त्यांनी डोळे पुसले. "तो गेल्याचं कळलं तेव्हा वाटलं, सुंदरम्मा हा कागद घेऊन तुझ्याकडेच येईल. तू एका नजरेत वाचशील. ते मला बघवलं नसतं."

उत्कर्षाने कागद उलगडला. चारही ओळी स्वच्छ होत्या. अस्पष्ट काहीच नव्हतं.

'मौजे कल्लूर येथील चंदीखण दोन. एक पागेचे दक्षिणेस. दुसरा वडाचे उगवतीस पन्नास हात. तोंड उघडून एक दिवस राहू देणे, त्याउपरि दिवा सोडून पाहणे, दिवा राहिला तरच मनुष्य उतरवणे.'

पागा म्हणजे घोड्यांची जागा. तो शब्दही तिने अस्पष्ट म्हणून सोडला होता. शेकडो वर्षं बंद राहिलेल्या पेवात हवा मरते, हे माळावरच्या कुठल्याही जुन्या माणसाला ठाऊक असतं. पेव म्हटलं असतं तर चन्नवीर थांबला असता. पण तो पेवात उतरलाच नव्हता. तो खाणीत उतरला होता. नंतरचे लोक वाचले, कारण जेसीबीने तोंड फोडून हवा खेळती केली होती.

एवढ्यात फोन वाजला. सुंदरम्मा होती.

"ताई, आमचे भावजी चार गडी घेऊन माळावर गेल्यात. मेलेल्या जुन्या वडाचं खोड घावलं, तिथनं मापून दुसरी खाण बी घावली म्हणं. शिळा हालवाया लागल्यात."

५

अनिलकुमारने तिचा फोन उचलला, पण ऐकून घेतलं नाही. "चोवीस वर्षं खाण म्हणालात, आज पेव म्हणताय? कुणी शिकवलं मॅडम?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. पुन्हा लागला नाही. सिद्धाराम हवालदार दुसऱ्या गावी बंदोबस्ताला होते, निघतो म्हणाले.

मग तिने अजिंक्यला फोन केला. दोन वाक्यांत सांगितलं. गावात पाय ठेवला तर पुन्हा मार बसेल हे त्यालाही माहीत होतं, तिलाही.

"जातो," तो म्हणाला.

आप्पा चपला घालून दारात उभे होते. तिने त्यांना येऊ नका म्हटलं नाही. भाड्याच्या गाडीने दोघं तासाभरात पोचले.

माळावर पन्नास-साठ माणसं जमली होती. शिळा बाजूला झाली होती. दगडी तोंडावर आडवी पहार टाकून अजिंक्य तिच्यावर बसला होता, आणि दोघं जण त्याचा सदरा धरून ओढत होते. एक बाही फाटून लोंबत होती. कमरेला दोर बांधून तयार असलेला गडी बाजूला उभा होता. अनिलकुमार ओरडत होता, "ह्यानंच माझ्या भावाला मारलं, आता दुसरी खाण पण गिळायला बसलाय!"

"सोडा त्याला!" उत्कर्षा गर्दीत घुसली. "चन्नवीरना कुणी मारलं नाही. ही खाण नाही. घोड्यांच्या दाण्याचं पेव आहे हे. आत हवा मेलेली आहे."

"पण कागदात तर..." अनिलकुमार म्हणाला.

"कागदात नाही. वाचनात."

आप्पा मागून पुढे आले. "वाचन माझं आहे," ते म्हणाले. "सही माझी आहे."

"नाही," उत्कर्षा म्हणाली. साठ माणसं ऐकत होती, त्यात सुंदरम्माही होती. तिच्याकडे बघायचा धीर उत्कर्षाला झाला नाही, ती जमिनीकडे बघूनच बोलली. "वाचन मी केलं. मला मोडी धड येत नव्हती. जे लागलं नाही ते मी अस्पष्ट म्हणून सोडून दिलं, आणि जे सोडलं त्यातच लिहिलं होतं, की आधी दिवा सोडून बघा. आप्पांच्या डोळ्यांना तेव्हा दिसत नव्हतं. गुरुवारी कागद त्यांनी नेला, माझी चूक झाकायला. या पोराचा कशाशीच संबंध नाही."

तेवढ्यात एक म्हातारी पुढे झाली. कमलम्मा तिचं नाव. "आमच्या लहानपणी पेवात कंदील सोडायचे," ती म्हणाली. "बगा की सोडून. बघायला काय जातंय?"

कुणीतरी घरून कंदील आणला. दोराला बांधून सोडला. पाच हात गेला, जळत होता. आठ हात गेला, ज्योत लहान झाली. दहा हातांवर विझली.

"वाऱ्यानं गेला असंल," कुणी म्हणालं.

अनिलकुमारने दोर स्वतःच्या हातात घेतला. कंदील पुन्हा पेटवून हळूहळू सोडला. त्याच जागी तो विझला. त्याने तिसऱ्यांदा पेटवला नाही. दोर बांधून उभ्या असलेल्या गड्याने कमरेची गाठ सोडली आणि दोन पावलं मागे सरला. अनिलकुमार तिथेच मटकन खाली बसला. थोड्या वेळाने उठून अजिंक्यजवळ गेला, आणि त्याच्या सदऱ्यावरची माती झटकत राहिला.

सिद्धाराम हवालदार आले. बाभळीखाली बसून त्यांनी जबाब लिहून घेतला. आप्पा मध्ये मध्ये "माझं नाव आधी लिहा" म्हणत होते. उत्कर्षाने दोन्ही नावं लिहायला सांगितली आणि आपलं आधी. ज्या कचेरीच्या यादीत तिचं नाव होतं, त्या कचेरीला पाठवायचं पत्रही तिने तिथेच खरडलं. हवालदार म्हणाले, "मॅडम, चुकीच्या वाचनाला कलम नाही काही." ती म्हणाली, "माहीत आहे." कलम असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटत होतं.

लोक पांगले. सुंदरम्मा तेवढी बसून राहिली. उत्कर्षा तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसली.

"सतरा वर्साची होतीस म्हणं," सुंदरम्मा म्हणाली. ताई म्हणणं तिने सोडलं होतं. "त्या वयात चुकतंय माणूस. पण नंतर मोटी झालीस की. येवडी शानी झालीस. एकदा तरी येऊन बगायचं होतंस, काय वाचलं होतं त्ये."

"हो अक्का."

"तुजा बाप आला होता. चहा पिऊन गेला माज्या घरातनं."

आप्पा गाडीजवळ उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण ते तोंड फिरवून उभे राहिले.

"आता वाच," सुंदरम्मा म्हणाली. "कायबी न सोडता वाच. मला ऐकू दे."

उत्कर्षाने कागद उघडला आणि चारही ओळी सावकाश वाचल्या. शेवटच्या ओळीला सुंदरम्माने हात वर करून थांबवलं.

"त्येवढं परत."

"तोंड उघडून एक दिवस राहू देणे."

"एकच दिवस?"

"हो. एकच."

सुंदरम्माने माळाकडे पाहिलं. सगळीकडे चन्नवीरने खणून ठेवलेले खड्डे होते. काही बुजलेले, काही नवे. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारावं तसं तिने विचारलं.

"चोवीस वर्सं थांबलं होतं की त्ये. आणिक एक दिवस थांबलं नसतं का?"